फाइलीचे रूपांतर : यंत्राचे काम, यंत्राचे दाम

रायपूर ही छत्तीसगड राज्याची राजधानी. हिंदीत हे नाव ऱ्हस्व उकाराने, 'रायपुर' असे लिहितात. 'कृतिदेव' नावाच्या टंकात ते संगणकावर उमटविले, म्हणजे पडद्यावर सुबक देवनागरी अक्षरे दिसतात. परंतु तीच फाइल हा टंक नसलेल्या संगणकावर उघडली, तर रोमन लिपीतील जे, के, मग एक अर्धविराम, मग आय, क्यू आणि पुन्हा जे अशी निरर्थक ओळ समोर येते. शहर तेच, फाइल तीच. मग नाव कोठे गेले?

अक्षरे आणि अंक

संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, अंक ठाऊक असतात. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला असतो व फाइलीत ते क्रमांकच साठविले जातात. टंक हा त्या क्रमांकांवर चढविलेला पोशाख होय. कृतिदेवात क्रमांक रोमन अक्षरांचेच असतात. चित्रे मात्र देवनागरीची, आणि त्यांची मांडणी रेमिंग्टन टंकलेखनयंत्राच्या कळांप्रमाणे असते. पोशाख उतरला, की आतील रोमन अक्षरे उघडी पडतात.

'युनिकोड' या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले: 'र' चा २३५२, कान्याचा २३६६, 'य' चा २३५१, 'प' चा २३४६, ऱ्हस्व उकाराचा २३६९. या क्रमांकांनी लिहिलेले 'रायपुर' जगातील कोणत्याही आधुनिक संगणकावर 'रायपुर' असेच वाचले जाते.

तेव्हा एका यादीतील क्रमांकाच्या जागी दुसऱ्या यादीतील क्रमांक बसविला, की काम झाले, असे वाटेल. पण ते तितके सोपे नाही. 'कि' लिहिताना कृतिदेवात वेलांटी आधी येते व 'क' मागाहून; युनिकोडात उच्चाराच्या क्रमाने 'क' आधी येतो. 'धर्म' या शब्दाचा रफार कृतिदेवात 'म' नंतर नोंदला जातो. युनिकोडात तो अर्धा 'र' म्हणून 'म' च्या आधी जातो. म्हणजे अक्षरे केवळ बदलावी लागत नाहीत, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात.

नव्वद रस्ते की वीस?

हीच गोष्ट सर्व फाइलींची. लेख, चित्र, तक्ता व ध्वनी यांची साठवण करण्याच्या अनेक पद्धती आहेत. समजा, लेखाची दहा रूपे आहेत. प्रत्येकातून उरलेल्या नवांत जाण्यासाठी नव्वद रूपांतरे रचावी लागतील. परंतु मध्ये एक सामान्य रूप ठेवले, तर त्यात येण्याचे दहा व त्यातून जाण्याचे दहा, असे वीसच मार्ग पुरतात. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली प्रथम प्रसिद्ध केलेली 'पॅनडॉक' ही विनामूल्य आज्ञावली याच युक्तीवर चालते.

गिरणीचा हिशेब

एक पोते साळ भरडण्यासाठी कोणी गिरणी विकत घेत नाही. गिरणीवर जाऊन तेवढ्यापुरते दाम देतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंटां'ना आज अशाच सोयीची गरज भासू लागली आहे. एजंट म्हणजे सांगितलेले काम पायऱ्यापायऱ्यांनी, इतर साधनांना हाक मारीत पार पाडणारी आज्ञावली. वाटेत अपरिचित रूपाची फाइल आली, की ती फाइल रूपांतर करून देणाऱ्या सेवेकडे धाडते. पण वर्षाची वर्गणी भरणे तिला गैरसोयीचे, आणि कार्डाने चार पैसे द्यावेत, तर व्यवहाराचा खर्चच कामाच्या दामाहून अधिक!

यावरील एक उपाय जुन्या नियमांत पडून होता. संकेतस्थळांच्या उत्तरांना क्रमांक असतात. न सापडलेल्या पानाचा ४०४ सर्वपरिचित आहे. त्याच मालिकेतील ४०२ हा क्रमांक 'प्रथम दाम द्या' या अर्थाचा असून १९९७ च्या मानकात तो भावी उपयोगासाठी राखून ठेवला होता. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकन कंपनीने त्यावर आधारलेली 'एक्स ४०२' ही पद्धत जाहीर केली. एजंट मागणी करतो; सेवा ४०२ या उत्तरासह किंमत कळविते; एजंट सहीनिशी रक्कम देऊन तीच मागणी पुन्हा करतो; रक्कम पडताळली, की सेवा आपले काम करून देते. रक्कम बहुधा डॉलरशी मूल्य बांधलेल्या आभासी चलनात दिली जाते. खाते उघडावे लागत नाही, वर्गणीही नाही.

जे परत येत नाही

येथे एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. दाम पोहोचल्याची पावती म्हणजे काम बिनचूक झाल्याची पावती नव्हे. कृतिदेवातील मजकूर साध्या पाठ्याच्या फाइलीत काढला, तर टंकाचे नाव गळून पडते; मग कोणती रोमन अक्षरे खरी इंग्रजी व कोणती देवनागरीची, हे ओळखणे कठीण होते. पीडीएफ फाइल मुख्यतः पानावर कोठे काय छापावे, हे सांगते. एखादा आकडा कोणत्या रकान्यातला, हे तीत पुष्कळदा नोंदलेले नसते. जेपेग चित्रातून वगळलेला बारकावा पुन्हा मिळत नाही. साळीचे तांदूळ होतात, तांदळाची साळ होत नाही. आणि शेतकऱ्याचे नाव किंवा क्षेत्राचा आकडा अशा कागदावर चुकला, तर हानी यंत्राची होत नाही, त्या शेतकऱ्याची होते.

म्हणून तीन नियम पाळावेत. मूळ फाइल कधीही नष्ट करू नये. शक्य तेथे रूपांतर उलट दिशेने करून मुळाशी ताडून पाहावे. आणि नावे, दिनांक व बेरजा मनुष्याने स्वतः वाचाव्यात.

रायपुरात १९२६ साली दिवंगत झालेले मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत आणले. प्रत्येक वाक्याचा अर्थ समजून घेतल्यावाचून असे काम होत नाही. फाइल बदलणारे यंत्र अर्थ जाणल्याविनाही अक्षरे बदलू शकते. त्याचा वेग व त्याचे अल्प दाम यांचा लाभ अवश्य घ्यावा; अर्थाची राखण मात्र वाचणाऱ्यानेच केली पाहिजे.