गाडीवरचं लाकूड: टेबल सॉच्या स्लेजचा मागोवा

प्लायवूडचा एक तुकडा, तळाला दोन पट्ट्या, वर मागे-पुढे दोन आडव्या भिंती. टेबल सॉची स्लेज म्हणजे एवढंच. पट्ट्या टेबलातल्या खाचांतून सरकतात आणि भिंतीला टेकवलेलं लाकूड स्लेजसकट ब्लेडवरून पुढे जातं. एका दुपारचं काम वाटावं इतकी साधी चीज आहे. पण ती खरोखर काटकोनात कापते की नाही, हे घरच्या घरी ठरवता येऊ लागलं त्याला फार काळ लोटलेला नाही. तिथवर पोचायला दोन शतकांहून जास्त वेळ गेला.

गोल करवतीची पहिली ठळक नोंद 1777 सालची. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने त्या वर्षी पेटंट घेतलं. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून हेन्री मॉड्स्लेने जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रं घडवली. 1808 साली तिथे सुमारे 1,30,000 कप्प्या तयार झाल्या आणि शंभरावर कारागिरांचं काम दहा जण करू लागले. या यंत्रांमागचा विचार असा, की हाताची थरथर लाकडापर्यंत पोचूच द्यायची नाही. लाकूड पकडीत आवळायचं आणि ती पकड ठरलेल्या वाटेवरून हत्यारासमोर न्यायची. सॉ मिलमधली ओंडका वाहणारी ट्रॉली याच घराण्यातली. थोडक्यात, लाकडाला गाडीवर बसवायची कल्पना नवी नाही.

1906 साली बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फने ती कल्पना फर्निचरच्या कारखान्यात आणली. त्याच्या यंत्रात ब्लेडशेजारचा टेबलाचा भागच सरकत असे. आज मॉड्युलर किचनच्या कारखान्यांत दिसणारी पॅनल सॉ ही त्याचीच पुढची पिढी. युरोपातल्या व्यावसायिक सुतारकामाने हा रस्ता धरला. अमेरिकेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र वेगळं यंत्र रुजलं. 1939 साली आलेल्या डेल्टाच्या युनिसॉसारख्या यंत्रांत टेबल जागचं हलत नाही. त्यात पाऊण इंच रुंदीच्या दोन खाचा असतात आणि लाकूड आडवं कापायला एक मायटर गेज मिळतो. या गेजची एकच पट्टी एका खाचेत चालते आणि त्याचा माथा वीतभर रुंद असतो. चार इंचांच्या पट्टीला तो पुरतो. कपाटाचं दीड फुटी फळकूट त्याला टेकवलं की ते डगमगतं, टेबलावर घासतं, आणि काप तिरका जातो.

ही अडचण कारागिरांनी आपापल्या परीने सोडवली. गेज बाजूला ठेवून दोन्ही खाचांत पट्ट्या घातल्या आणि त्यांवर फळी ठोकली. कारखान्यातल्या सरकत्या टेबलाचा हा गरिबाघरचा अवतार. पहिली स्लेज कुणी केली हे सांगण्यात अर्थ नाही. ती अनेकांनी केली असणार. तिचा प्रसार मात्र नीट दाखवता येतो. 1975 साली अमेरिकेत ‘फाइन वुडवर्किंग’ मासिक निघालं आणि वर्कशॉपच्या भिंतींआडच्या युक्त्या छापून येऊ लागल्या. 1989 पासून वीस वर्षं नॉर्म एब्रमचा ‘द न्यू यँकी वर्कशॉप’ टीव्हीवर चालला. हौशी माणसाला आपणही हे करू शकतो असं वाटू लागलं, ते याच काळात.

तरी एक प्रश्न उरलाच होता. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची भिंत, ब्लेडशी काटकोनात आहे हे ठरवायचं कशावरून? गुण्या लावून. मग गुण्या खरा आहे कशावरून? शिवाय गुण्या आणि फेन्स यांमधली केसभर फट डोळ्याला दिसतच नाही.

उत्तर आलं ते पाच कापांच्या पद्धतीतून. ही पद्धत आधीपासून माहीत होती. पण कॅलिफोर्नियात सुतारकाम शिकवणाऱ्या विल्यम एन्जी यांच्या व्हिडिओमुळे गेल्या दशकात ती जगभर पोचली. साधारण चौरस फळी घ्यायची. एक कड कापायची, ती कापलेली कड फेन्सला टेकवून पुढची कापायची. अशा चारही कडा झाल्या की पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा कापायची, पण या वेळी बोटभर रुंदीची पट्टी काढायची आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी कॅलिपरने मोजायची.

यातली गंमत शाळेच्या भूमितीत आहे. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज 360 अंश. पहिले तीन कोन प्रत्येकी थोडे मोठे झाले, तर चौथा त्या तिन्हींच्या मिळून तेवढाच लहान होतो. पाचवा काप तिथेच आपली चूक पुन्हा घालतो. म्हणजे किराण्याच्या उधारीसारखी चूक साचत जाते आणि पट्टीत चौपट होऊन एकदम दिसते. समजा पट्टी 400 मिमी लांब आहे, एका टोकाला 25.60 आणि दुसऱ्या टोकाला 25.20 मिमी भरली. फरक 0.40, त्याचा चौथा हिस्सा 0.10. याचा अर्थ 400 मिमीत दशांश मिलिमीटरची चूक. फेन्सचा एक स्क्रू खिळीसारखा पक्का ठेवून तिथून 600 मिमीवरचं टोक हलवायचं असेल, तर सरकवायचं अंतर 0.15 मिमी. जाड टोक कुठलं, यावरून दिशा कळते. सरकवायचं कसं? गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात ती फीलर गेज घ्यायची. फेन्सला चिकटून एक ठोकळा क्लॅम्प करायचा, मध्ये 0.15 ची पाती घालून फेन्स तिला टेकवायची आणि स्क्रू आवळायचा.

या सगळ्यात गुण्या कुठेच आला नाही. नमुन्याविना अचूकतेची ही युक्ती यंत्रशाळेत जुनीच होती. 1840 साली इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने धातूचे सपाट पृष्ठभाग घडवण्याविषयी निबंध वाचला. तीन पाटे आलटून पालटून एकमेकांवर तपासत गेलं की तिन्ही सपाट होतात, ही रीत त्याने रूढ केली. पाच काप त्याच जातकुळीतले. पदरी अचूक नमुना नसतानाही अचूकता साधता येते, हा यंत्रशाळेतला धडा सुताराच्या टेबलावर आला.

आपल्याकडे आता हौशी सुतारकाम वाढतंय, पण परदेशी व्हिडिओंतली मापं जशीच्या तशी चालत नाहीत. छोट्या टेबल सॉच्या खाचा बरेचदा पाऊण इंचाच्या नसतात. बाहेरून मागवलेली तयार पट्टी बसत नाही. जुन्या सागवानाची पट्टी रंध्याने तासत तासत बसवणं हाच शहाणपणा. तळाला एमडीएफपेक्षा चांगलं प्लाय बरं, कारण कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये एमडीएफच्या कडा ओल पितात. आणि ब्लेड मागच्या फेन्समधून बाहेर येतं तिथे जाड ठोकळा लावायलाच हवा. ढकलणाऱ्याचा अंगठा नेमका तिथेच असतो.

सागवान असलं तरी पावसाळ्यात पट्टी जराशी फुगते, उन्हाळ्यात सैल होते. त्यामुळे एकदा साधलेला काटकोन कायमचा आपला होत नाही. फेन्सच्या पाठीवर तपासणीची तारीख आणि त्या दिवशीची चूक पेन्सिलीने लिहावी आणि ऋतू पालटला की पाच काप पुन्हा घ्यावेत. चौकट तिरकी आली तर दोष लाकडाचा, हाताचा की स्लेजचा, हा वाद तिथेच मिटतो.