गाडी तापते? मोटर बदलण्याआधी एवढं तपासा

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी बरीच इंदूरकर कुटुंबं गाडी काढून सेंधव्यामार्गे नाशिक-पुण्याकडे निघतात. गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सदस्याची जुनी गाडी बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत अडकली आणि तापली. सोबत वयस्कर आई आणि दोन लहान मुलं. परतल्यावर गॅरेजमध्ये रेडिएटर फॅनची मोटर बदलून घेतली. आठ दिवसांनी राजवाड्याच्या गर्दीत काटा पुन्हा वर! दोष मोटरचा नव्हताच, थर्मो स्विचचा होता. म्हणून ही माहिती देत आहोत.

दोष फॅनचाच आहे का?

धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. उभ्या गाडीत ते काम फॅनलाच करावं लागतं. म्हणून गाडी सिग्नलला किंवा कोंडीत तापत असेल आणि वेग घेतल्यावर काटा खाली येत असेल, तर संशय फॅनवर घ्यावा. हायवेवरही तापत असेल, तर कूलंटची गळती, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा तुंबलेला रेडिएटर पाहावा.

घरी तपासण्याचा क्रम

इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरुवात करा.

१. कूलंट पाहा. ते कमी असेल तर स्विच त्यात बुडत नाही आणि इंजिन तापल्याचं त्याला कळत नाही.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून फॅनची पाती हाताने फिरवा. अडखळत असतील तर मोटर जाम होत आहे. मग वायर परत लावा.

३. फ्यूज पाहा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल, तर फॅनच्या रिलेशी अदलाबदल करून पाहा.

४. थर्मो स्विचचा दोन वायरींचा प्लग काढा. इग्निशन चालू करून प्लगमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला तर मोटर ठीक, स्विच गेलेला.

५. तरीही फिरला नाही, तर मोटरचा प्लग काढून फ्यूज लावलेल्या वायरने तिला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. फिरली तर दोष वायरिंग किंवा अर्थिंगमध्ये. नाही फिरली तरच मोटर बदला.

चौथी चाचणी कार्बोरेटरच्या काळातल्या साध्या गाड्यांसाठी आहे. ईसीयू असलेल्या गाडीत सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडू नका. ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

हे विसरू नका

गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका; उकळतं पाणी अंगावर उडतं. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा हात, ओढणी, पदर दूर ठेवा.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. थोडी गैरसोय होईल, पण इंजिनमधली बरीच उष्णता हीटरवाटे बाहेर पडते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तशीच गाडी रेटली तर हेड गॅस्केट जातं आणि काही शेकड्यांचं काम हजारोंवर जातं.

सुट्टीला निघण्याआधी एकदा अंगणात गाडी उभी ठेवून, एसी बंद ठेवून इंजिन चालू करा. काटा मध्याच्या थोडा वर गेल्यावर फॅन आपोआप सुरू झाला आणि काही वेळाने थांबला, तर निर्धास्त निघा.