कोणत्या सालची जीप?

जुन्या जीपच्या बाजारात या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच मिळते. जाळी महायुद्धातली, चासी साठच्या दशकातली, इंजिन त्यानंतरच्या डिझेलचे आणि आरसी बुक भलत्याच गाडीचे, अशी जीप दिमाखात उभी असते आणि विकणारा तिला ‘ओरिजिनल मिलिटरी’ म्हणतो. गंमत म्हणजे ती चालतेही झकास.

याचे मूळ जीपच्या गुणातच आहे. अमेरिकी लष्कराला चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने १९४० मध्ये पहिला नमुना दिला. मोठे उत्पादन मात्र विलीज आणि फोर्डकडे गेले. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्याही एकीचा भाग दुसरीला बसेल अशा. दोन मोडक्या गाड्यांतून एक धड उभी करायची, हा युद्धभूमीवरचा हिशेब होता. तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरही, ‘एफ’ ठोकला. गंज खरवडून आज हौशी लोक तोच शोधतात.

युद्धानंतर विलीजने नागरी ‘सीजे’ मालिका काढली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडायला घेतल्या आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. आपल्याकडच्या गॅरेजांत जुन्या जीपच्या जाती दोनच: ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’. युद्धकाळातल्या २.२ लिटरच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असत. इंजिन बुटके, म्हणून बॉनेटही बुटके. १९५३ च्या सीजे-३बीमधल्या ‘हरिकेन’मध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले. इथे त्याच घडणीच्या गाड्या पुढेही कित्येक वर्षे सरकारी खात्यांत आणि शेतावर राबल्या.

पारख जाळीपासून सुरू होते. लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा आणि दिवे लहान. नागरी सीजेला खाचा सात आणि दिवे मोठे. पण जाळी बोल्ट काढून बदलता येते, पत्राही नवा वाकवून मिळतो. म्हणून गाडीखाली शिरावे. चासीला कुठे वेल्डिंगचे जोड आहेत, पाटे जिथे टांगतात तिथे तडे आहेत का, हे पाहावे. चासी नंबर घासून पुन्हा ठोकलेला दिसला तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरावे. डिझेल स्वस्त म्हणून असंख्य मालकांनी पेट्रोल इंजिने उतरवली. गाडी पोटापाण्यासाठी धावत होती, त्यात वावगे काही नाही. मात्र तो बदल आरसीवर चढलेला नसेल, तर नावावर करताना आरटीओत गाडे अडते.

डागडुजीत पत्रा आणि रंग शेवटी. आधी ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल. पुढच्या चाकांच्या सांध्यातले सील गळले की तेल ब्रेक ड्रमपर्यंत पोहोचते. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये सैलपणा आला की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थडथडू लागतात. ट्रान्सफर केसमधल्या मधल्या शाफ्टचे भोक झिजले, तर कितीही गॅस्केट बदला, तेल ठिबकतच राहते. तिथे लेथवाल्याला गाठणे भाग आहे. आणि विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक लांब पान्याने स्टडच तोडून ठेवतो.

मग रंग. अस्सल लष्करी हिरवा लावावा, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम आडवा येतो: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. म्हणजे सर्वांत निष्ठेने सजवलेली मिलिटरी जीपच रस्त्यावर बेकायदा ठरते.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. त्यामुळे डिझेल चढवलेल्या जीपला हे दार जवळपास बंदच.

तेव्हा पैसे मोजण्याआधीच ठरवावे, गाडी मिरवायची की रोज चालवायची. मिरवायची असेल तर एक साल निवडून त्याच्याशी इमान राखावे, मूळ इंजिन शोधावे. चालवायची असेल तर आधीच्या मालकाचे डिझेल खुशाल राहू द्यावे, फक्त ते कागदावर आणावे. दोन्ही वाटांवर एक वही ठेवावी: कोणता भाग कधी बदलला, कुठल्या गाडीचा बसवला. भागांची अशी सरमिसळ करण्यासाठीच बनलेल्या यंत्राचा खरा इतिहास त्या वहीतच राहतो. जीप विकताना ती वही किल्लीसोबत द्यावी.