हळवे, गरवे आणि बाजाराचे

नाशिक म्हटले की लोकांना द्राक्ष आठवते, नाहीतर कांदा. पण इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या पश्चिमेच्या तालुक्यांत खरीप म्हणजे भात, आणि उतारावर नागली-वरई. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात हवामानबदलाचे रडगाणे कशाला, असे शहरातल्या माणसाला वाटू शकते. दुखणे पावसाच्या मापाचे नाही, वेळेचे आहे.

2023 साली मोसमी पाऊस मुंबईत पोचायला 25 जून उजाडला आणि पुढचा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. 2025 मध्ये तोच पाऊस 26 मे रोजी मुंबईत हजर! मे महिन्यातच जमीन भिजली की राब भाजायचा कसा? पालापाचोळा, शेण, गवत पसरून भाजलेल्या त्या तुकड्यावर रोपे टाकायची, ही इथली जुनी रीत. तिला कोरडा उन्हाळा लागतो. म्हणून आता काही जण पाणी निथळेल अशा गादीवाफ्यावर रोपे करतात, आणि सगळे बियाणे एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकतात. आवणीच्या, म्हणजे रोपे लावण्याच्या, ऐन वेळी पावसाने दडी मारली तर पहिली रोपे वाफ्यातच म्हातारी होतात. तशी लावली की फुटवे कमी. दुसरी रोपे तेव्हा कामी येतात.

खरी शहाणीव मात्र दिवसांच्या हिशेबात आहे. हळवे भात शंभर-सव्वाशे दिवसांच्या आत हाती येते, निमगरवे त्याच्या मागून, गरव्याला एकशेचाळीसच्या पुढे. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे आणि ओढ्याकडच्या ओलीत गरवे, अशी घरोघरी वाटणी असे. एका सरीने सगळे घर बुडू नये, कापणीही एकदम अंगावर येऊ नये, हा त्यातला हिशेब. त्याला तेव्हा कोणी अनुकूलन वगैरे म्हणत नव्हते.

ही वाटणी मोडली ती बाजाराने. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून निघालेले इंद्रायणी 1987 साली आले. वासाचे, मऊ शिजणारे. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून वरच्या खाचरातही तेच. त्याला लागतात एकशेपस्तीस-चाळीस दिवस. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर सगळ्या शिवारात एकच भात एकाच वेळी पिकलेले. परतीचा पाऊस रेंगाळला की ते आडवे पडते. कापून पसरलेल्या पेंढ्या भिजल्या तर लोंब्यांतच दाण्याला कोंब फुटतात. कोंब नाही फुटले, तरी भिजून पुन्हा वाळलेला दाणा आतून तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. पोते तेवढेच, भाव मात्र पडतो. शेतकऱ्याने हळव्याकडे परत वळावे, हे सांगणे सोपे. त्याचा तांदूळ कोण विकत घेणार, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

पूर्व भारतात पुराखाली तग धरणारी स्वर्णा सब-1 ही जात गाजली. इथे तिचा उपयोग थोडा. इथले खाचर आठवडाभर बुडून राहत नाही, इथे कापलेले भात भिजते.

तंत्रांपैकी मला सर्वांत पटते ती डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत. ठरावीक अंतरावर आवणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची गोळी चिखलात खोल दाबायची. फेकलेला युरिया मुसळधार पावसात बांध ओलांडून जातो, दाबलेली गोळी जागेवर राहते. पण एकरी सुमारे पंचवीस हजार गोळ्या वाकून हाताने दाबायच्या, तेही मजूर मिळत नसताना! चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा राईस तंत्र चिखलणी-आवणी दोन्ही वगळते, गादीवाफ्यावर थेट बी टोकते. आवणीसाठी पावसाची वाट बघणे टळते, पण तण माजते आणि तणनाशकावर भिस्त वाढते.

पेठ-सुरगाण्याची अडचण आणखी वेगळी. भात कापून तिथली माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीला जातात. पावसाने कापणी लांबली की भातही अडकते आणि छाटणीची मजुरीही बुडते. हे दुहेरी नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

विम्याचे तर विचारूच नये. एक रुपयातला पीकविमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 मध्ये गेला. सुधारित योजनेत शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. काढणीनंतरच्या नुकसानीचे कलम राज्याने वगळले. म्हणजे भात उभे होते तोवर महसूल मंडळाची सरासरी चांगली निघाली, आणि कापल्यावर भिजले, तर विम्याच्या लेखी काही घडलेच नाही. भाताला नेमका तिथेच फटका बसतो. ते कलम परत आणणे हे नव्या वाणाइतकेच निकडीचे आहे, आणि त्याला दहा वर्षांचे संशोधनही लागत नाही.