‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं तर

समजा, दुसरीतल्या तीन मुलांसमोर ‘पाणी’ हा शब्द ठेवला. पहिल्याने ‘पाटी’ वाचलं. दुसरीने ‘पानी’ वाचलं. तिसऱ्याने ‘प’ला काना ‘पा’, ‘ण’ला दुसरी वेलांटी ‘णी’ असं सगळं बरोबर म्हटलं, पण शब्द काही जुळला नाही. उत्तरपत्रिकेच्या हिशेबात तिघंही चुकली. खरं तर पहिला पहिलं अक्षर पाहून अंदाज बांधतो आहे. दुसरीला शब्दही कळला आणि अर्थही, ती फक्त घरच्या बोलीत बोलली. तिसऱ्याची अक्षरं पक्की आहेत, त्याला जोडून वाचण्याचा सराव हवा आहे. म्हणजे तिघांचा उद्याचा तास वेगळा असायला हवा. भाषेच्या चाचणीने हा फरक दाखवला नाही, तर तिचा शिकवण्याला उपयोग काय? आणि तो फरक ओळखायला मराठी, तिच्या बोली आणि समोरचं मूल ठाऊक असावं लागतं. म्हणून भाषेची चाचणी त्या भाषेतच, आणि होता होईल तो शाळेजवळच घडायला हवी.

दुसरीकडून उसनं आणलेलं माप मराठीला बसत नाही. वाचनाचा वेगच घ्या. मिनिटाला किती शब्द, हे मोजायची रीत इंग्रजी वाचनाच्या अभ्यासात रुळली. ‘घरासमोरच्या अंगणात’ हे मराठीत दोन शब्द. हाच मजकूर इंग्रजीत सांगायला आठ शब्द लागतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे आपला एकेक शब्द लांब आणि वाचायला जड होतो. त्यात जोडाक्षरं, रफार, आणि ‘चार’मधला ‘च’ वेगळा तर ‘चाक’मधला वेगळा! २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे लक्ष्य साऱ्या देशापुढे ठेवलं. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांचं वाचन २० भाषांमध्ये तपासलं, तेव्हा मात्र प्रत्येक भाषेसाठी निकष स्वतंत्रपणे ठरवले. हे योग्यच झालं.

मुलाच्या भाषेत घेतलेल्या आणि शिकवण्याला उपयोगी पडणाऱ्या चाचणीचा चांगला नमुना आपल्याकडे आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही मुलांच्या शिक्षणाची पाहणी सुरू केली. तिचं वाचनाचं साधन अगदी साधं: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून आधी परिच्छेद देतात. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. मजकूर त्या त्या भाषेतला असतो. हेच साधन शिक्षकाच्या हाती आलं, की मुलांचे गट इयत्तेनुसार न पडता पातळीनुसार पडतात आणि तपासणीतून थेट शिकवणं सुरू होतं.

आक्षेप असा, की प्रत्येक शाळेने आपापली चाचणी केली तर तुलना कशी करायची? तुलना हवीच, पण तिच्यासाठी काही वर्षांनी होणारी नमुना पाहणी पुरते. धारणीतल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला उद्या काय शिकवायचं, हे राज्याची सरासरी सांगत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: शिक्षक आकडे फुगवतील. फुगवतील, जर त्याच आकड्यांवरून त्यांचा हिशेब मागितला तर. रोजच्या अध्यापनासाठी घेतलेली चाचणी वरिष्ठांच्या तक्त्यापासून दूर ठेवली पाहिजे, यात तडजोड नको. बोलीला सूट दिली तर प्रमाण भाषा बिघडेल, ही भीतीही निराधार आहे. ‘पानी’ म्हणणारी मुलगी वाचते आहे, हे आधी मान्य करावं. ‘ण’चा उच्चार तिला नंतर सावकाश शिकवता येतो. तिला नापास ठरवलं तर ती तोंडच उघडणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. पटावर ३० मुलं असली आणि एकेकाला चार मिनिटं दिली, तर एकूण दोन तास लागतात. रोज चार मुलं तपासली तरी आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. पालकांनीही एक करावं. पुढच्या पालकसभेत गुण किती, हे विचारण्याआधी बाईंना विचारा: आमचं मूल वाचताना नेमकं कुठे अडतं?