भायखळ्याचे सहासष्ट

आसनगावहून रोज कसारा लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना भायखळा नवं नाही. मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय तिथेच आहे आणि आवारात 14 एप्रिल 1944 रोजी गोदीत कामी आलेल्या 66 जवानांचं स्मारक आहे.

मुंबई तेव्हा बॉम्बच्या धास्तीत होती. 1942 मध्ये जपानी विमानांनी एप्रिलात विशाखापट्टणम आणि डिसेंबरात कलकत्ता गाठलं होतं. गोदी, गिरण्या, रेल्वेचे कारखाने असलेल्या मुंबईला कोण सोडणार? म्हणून त्या दिवशी दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी शहर हादरलं, तेव्हा जपानी आले असंच अनेकांना वाटलं.

विमान एकही आलं नव्हतं. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी! स्फोटकांची खूण असलेला लाल बावटासुद्धा लावलेला नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. गोदीवरच्या बंबवाल्यांनी पाणी मारायला घेतलं आणि आग मोठी आहे हे कळवायला एकाला फोनकडे पिटाळलं. त्यासाठी ठरलेला नंबर फिरवायचा होता, पण फोनला तबकडीच नव्हती. त्यानं आगीच्या घंटेची काच फोडली. मुख्यालयाला ती नेहमीची वर्दी वाटली. दोनच बंब निघाले. खरा प्रकार कळल्यावर आणखी बंब आले. शेकडो टन पाणी ओतलं, ते जहाजाच्या तळाशी उकळू लागलं. जहाज सोडण्याचा हुकूम निघेपर्यंत चार वाजत आले होते. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासात दुसरा झाला. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. शेकडो माणसं गेली. सरकारनं बातमी दाबली. ती आधी जगाला सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं.

मला सर्वांत जास्त सलते ती तबकडी. ज्यांनी जागा सोडली नाही, त्यांची हाकच नीट पोहोचली नाही.

त्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आज आसनगाव-आटगाव पट्ट्यातही कारखाने आणि गोदामं आहेत. मालकांनो, आत काय साठवलंय याचा फलक फाटकावर लावा. आणि 101 ला फोन करणाऱ्यानं पत्त्याबरोबर तेही सांगावं.