निमंत्रित पंचांचा निवाडा

परराष्ट्रात निवडणुकीचे निरीक्षण करावयास जाणाऱ्या मंडळाची मुत्सद्देगिरी मतदानाच्या पुष्कळ आधी, निमंत्रणाच्या मसुद्यापासूनच सुरू होते. कारण यजमान सरकारने पाचारण केल्यावाचून सार्वभौम देशात निरीक्षकास पाऊल ठेवता येत नाही, आणि ज्याच्या कारभाराची रुजुवात करावयाची त्याच्याच परवान्यावर तेथे राहावयाचे, ही अडचण या कामाच्या मुळातच आहे. निर्वेध संचाराची हमी मिळाल्याखेरीज मंडळ धाडू नये, असे 2005 साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रसृत झालेला तत्त्वांचा जाहीरनामा बजावतो खरा. परंतु निमंत्रण देणारा हात पाहुण्यांची निवडही करू शकतो, याचा धडा झिंबाब्वेइतका विस्ताराने क्वचितच कोणी दिला असेल.

गंमत अशी की, त्या देशाचा जन्मच निरीक्षकांच्या साक्षीने झाला. लंडनमधील लँकेस्टर हाउसच्या शांतता-करारानंतर, ऱ्होडेशियातील, म्हणजे तेव्हाच्या झिंबाब्वेतील, गोऱ्यांच्या सत्तेस पूर्णविराम देणारी निवडणूक फेब्रुवारी 1980 मध्ये झाली, तेव्हा राष्ट्रकुलाच्या निरीक्षक मंडळाचे अध्यक्षपद राजेश्वर दयाळ या भारतीय मुत्सद्द्याकडे होते. दीर्घ गनिमी युद्धाने पोळलेल्या त्या मुलखात धाकदपटशाच्या तक्रारी सर्व बाजूंनी येत होत्या. तरी लोकेच्छा जाणण्याचे स्वीकारार्ह साधन म्हणून मंडळाने ती निवडणूक मान्य केली, आणि 100 पैकी 57 जागा जिंकणाऱ्या रॉबर्ट मुगाबे यांच्या पक्षाच्या अधिकारास जगापुढे एक भक्कम दाखला मिळाला. पुढे 1991 साली राष्ट्रकुलाने लोकशाहीवरील आपल्या निष्ठेचा जाहीरनामा काढला तोही हरारे येथे, याच मुगाबे यांच्या यजमानपदाखाली.

मार्च 2002 मध्ये मॉर्गन त्स्वांगिराई यांच्या रूपाने अध्यक्षपदासाठी खरा प्रतिस्पर्धी उभा राहिला, तेव्हा मात्र आतिथ्याचा हा शिरस्ता पालटला. युरोपीय संघाच्या काही सदस्य देशांचे, विशेषतः ब्रिटनचे, निरीक्षक नकोत असे सरकारने कळविले. संघाच्या मंडळाचे स्वीडिश प्रमुख पिएर शोरी यांना फेब्रुवारीत देशाबाहेर घालविण्यात आले. आणि संघाने मंडळ परत बोलावून सत्ताधाऱ्यांवर निर्बंध लादले. यात हरले कोण, हे सांगणे कठीण आहे. निर्बंधांचे शस्त्र उपसताना संघाने आपले डोळे मात्र तेथून काढून घेतले. मागे जे निरीक्षक राहिले त्यांनी एकाच मतदानाचे परस्परविरुद्ध निवाडे दिले. हरारेत, विरोधकांच्या बालेकिल्ल्यात, मतदान केंद्रे घटविल्यामुळे लोक तासन्‌तास रांगांत तिष्ठले होते. नायजेरियाचे जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रकुल मंडळाने, मतदारांना आपली इच्छा मोकळेपणाने व्यक्त करण्याजोगी परिस्थितीच पुरेशी नव्हती, असे नमूद केले. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळास तीच निवडणूक वैध वाटली, आणि तिला मुक्त व न्याय्य म्हणण्याचे दायित्व त्याने मोठ्या कौशल्याने टाळले.

या कौशल्याची दुसरी बाजू फार उशिरा उजेडात आली. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी सिसी खाम्पेपे आणि डिकगांग मोसेनेके या दोन न्यायाधीशांनाही झिंबाब्वेत धाडले होते. त्यांचा अहवाल सरकारी दप्तरात बंद राहिला. ‘मेल अँड गार्डियन’ या वृत्तपत्राने वर्षानुवर्षे न्यायालयांत झगडून 2014 साली तो बाहेर काढला, तेव्हा ती निवडणूक मुक्त व न्याय्य मानता येणार नाही, असा त्यातील निष्कर्ष निघाला. शेजारधर्म, निर्वासितांच्या लोंढ्याची धास्ती आणि मुक्तिलढ्यातील जुने ऋणानुबंध यांच्या वजनाखाली सत्य बारा वर्षे दडपले गेले, असेच मी म्हणेन. इकडे राष्ट्रकुलाने त्या निवडणुकीनंतर झिंबाब्वेस निलंबित केले, आणि डिसेंबर 2003 मध्ये ते निलंबन वाढविले जाताच मुगाबे यांनी त्या संघटनेलाच रामराम ठोकला.

मोठ्या राष्ट्रांची टीका साम्राज्यशाहीचा कावा म्हणून झटकता येते. शेजाऱ्याची तशी झटकता येत नाही. म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडील राष्ट्रांच्या विकास-समुदायाच्या मंडळाने, झांबियाचे माजी उपाध्यक्ष नेव्हर्स मुंबा यांच्या नेतृत्वाखाली, झिंबाब्वेतील निवडणुकीचे काही भाग देशाच्या राज्यघटनेस आणि समुदायाच्या स्वतःच्या तत्त्वांस धरून नव्हते असे स्पष्ट म्हटले, तेव्हा सत्ताधारी पक्षाची इतराजी मुंबा यांच्या व्यक्तिगत निंदेपर्यंत गेली. निकाल मात्र कायम राहिला, मुगाबे यांच्यानंतर अध्यक्ष झालेले एमर्सन म्नांगाग्वा यांचा पुन्हा शपथविधी झाला, आणि पुढच्याच वर्षी त्या समुदायाची शिखर परिषद हरारेत भरून त्याचे अध्यक्षपद म्नांगाग्वा यांच्याकडे आले.